मुलांनी काय बघावं, आणि बघितल्यावर आपण काय बोलावं

मी कणीक मळत होते. थोरली तेव्हा तेरा वर्षांची. फ्रिजला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, येशूचं लग्न झालं होतं का?" मागे वळूनही न बघता मी म्हणाले, "हे कुठनं आणलंस? मोबाईल ठेव इथं." तिनं मोबाईल ओट्यावर ठेवला आणि गेली. पुढचे सात-आठ महिने तिनं मला विश्वासाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं, विषय मिटला. मग एका रविवारी शब्बाथ शाळेत (म्हणजे चर्चच्या संडे स्कूलमध्ये), जिथं मी गेली अकरा वर्षं शिकवते, दुसऱ्याच एका मुलीनं भर वर्गात तोच प्रश्न मला विचारला. हे ज्या रीलमध्ये होतं ती माझ्याच मुलीनं ग्रुपवर टाकली होती. सहा मुली, आठ महिने, आणि उत्तर एकीकडेही नाही.

त्यानंतर मी जे शिकले ते इथं लिहिते आहे. ते सोपं आहे, पण दमवणारं आहे: मुलं काय बघतात यापेक्षा, बघून झाल्यावर ती कोणाकडे येतात याची काळजी जास्त घ्यायची. बाकीचं सगळं त्यासाठीच.

आम्ही वडोदऱ्यात फत्तेगंजच्या बाजूला राहतो. घरात मराठी, चर्चमध्ये उपासना गुजराती, शाळा इंग्रजी, आणि पडद्यावर हिंदी, इंग्रजी, हल्ली जपानी आणि कोरियनसुद्धा. सासूबाई नगरकडच्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं त्यांना तोंडपाठ. मुलांना 'तारण', 'कृपा', 'पश्चात्ताप' हे शब्द मराठीत येतात आणि शंका मात्र इंग्रजीत येतात. दोन्हींची गाठ पडत नाही. तेव्हा पहिलं काम हे की मुलाची शंका ज्या भाषेत आली, त्या भाषेत ती आधी नीट समजून घ्या. मराठीत समजावायचं ते नंतर.

आधी आठवडाभर गप्प बसा

एक वही घ्या आणि सात दिवस फक्त टिपा: कोण, काय, कुठल्या पडद्यावर, एकटं की कुणाबरोबर. शेरा मारायचा नाही, भुवई उडवायची नाही. मी हे केलं तेव्हा कळलं की ज्या सिनेमांची मला धास्ती होती ते मुलं बघतच नव्हती. धाकटा नऊ वर्षांचा, आणि त्याला डझनभर भुताच्या सिनेमांच्या गोष्टी शेवटासकट माहीत होत्या. कशा? दहा मिनिटांत अख्खा सिनेमा हिंदीत सांगून टाकणाऱ्या व्हिडिओंमधून. सिनेमाला प्रौढांचं प्रमाणपत्र असतं, त्या दहा मिनिटांना काहीही नसतं.

प्रमाणपत्रांबद्दल इथेच सांगून टाकते. २०२४ च्या नव्या नियमांनंतर सेन्सॉर बोर्डाच्या 'यूए'चे तीन भाग झाले: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. ओटीटीवर याच वयोगटांची पद्धत २०२१ च्या नियमांपासून आहे, आणि १३ वर्षांवरच्या मजकुराला पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय कंपन्यांनी द्यायची असते. हे वापराच. पण हे आकडे हिंसा, लैंगिक दृश्यं, शिव्या, नशा यांवरून ठरतात. एखादी मालिका देवाबद्दल काय म्हणते ते त्यात कुठंच नसतं. अगदी ७ वर्षांवरील शिक्का असलेल्या गोड कार्टूनमध्येही 'तुझ्या मनाला वाटेल तेच खरं' हे पंचवीस वेळा ऐकू येऊ शकतं.

आव्हान कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

सगळ्यावर एकच औषध चालत नाही. मी सरसकट 'हे वाईट आहे' म्हणत होते तेव्हा मुलं ऐकायची थांबली, कारण त्यांना फरक दिसत होता आणि मला दिसत नव्हता.

काही गोष्टी इतिहासाचा दावा करतात. त्यांना माहितीनं उत्तर द्यावं लागतं. काही घाबरवतात. तिथं माहिती उपयोगाची नाही, जवळ झोपायला घ्यावं लागतं. काही आपली टिंगल करतात, आणि तिथं मूल दुखावलेलं असतं. काहींमध्ये आजूबाजूच्या लोकांच्या देवांच्या गोष्टी असतात, तिथं शेजारधर्म सांभाळायचा असतो. आणि काही मुळात धर्माविषयी बोलतच नाहीत. फक्त पैसा, प्रसिद्धी आणि सूड हे तीनच देव आहेत असं गृहीत धरून चालतात. मला विचाराल तर हा शेवटचा प्रकार सगळ्यांत खोल मुरतो, आणि त्याबद्दल चर्चमध्ये सगळ्यांत कमी बोललं जातं.

दावा आला तर: आधी स्वतः वाचा

थोरलीच्या रीलमध्ये तीन गोष्टी होत्या. सम्राट कॉन्स्टंटाइननं ३२५ साली मतदान घेऊन येशूला देव केलं. बायबलमध्ये कुठली पुस्तकं ठेवायची ते तिथंच ठरलं. आणि येशूचं त्याच्या मग्दालीया मरीया या शिष्येशी लग्न झालं होतं, हे एका दडवलेल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, आहे. यातलं बरंचसं २००३ च्या 'द दा विंची कोड' या कादंबरीनं आणि २००६ च्या तिच्या सिनेमानं घरोघरी नेलं. सिनेमा आला तेव्हा आपल्याकडच्या काही राज्यांनी बंदीही घातली. बंदीनं काय झालं? वीस वर्षांनी तेच साठ सेकंदांच्या तुकड्यात माझ्या स्वयंपाकघरात आलं.

आठ महिने उशिरा का होईना, आम्ही दोघी शनिवारी दुपारी बसलो. मी आधी आठवडाभर वाचलं होतं. आम्ही काय काय बोललो ते सविस्तर देते, कारण हेच प्रश्न तुमच्याकडेही येणार आहेत.

३२५ मध्ये नायसिया इथं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बिशपांची परिषद झाली, ती कॉन्स्टंटाइननं बोलावली, त्यात राजकारणही होतं. हे सगळं खरं, आणि मुलीला आधी हेच सांगितलं. जे खरं आहे ते आधी कबूल केलं की मूल पुढचं ऐकतं. पण वाद 'येशू माणूस की देव' असा नव्हताच. एरियस नावाच्या धर्मगुरूचं म्हणणं होतं की पुत्र, म्हणजे येशू, सगळ्या सृष्टीच्या आधी निर्माण झालेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नाही. विरुद्ध बाजू म्हणत होती, एकाच सत्त्वाचा आहे. निकालही काठावरचा नव्हता. शेवटी सही करायला नकार देणारे बिशप दोनच निघाले.

मग मी तिला विचारलं, "३२५ च्या आधी लोक येशूला काय मानत होते, हे शोधायचं कसं?" ती म्हणाली, "जुनी पत्रं." बरोबर. येशूचा प्रेषित पौल याची, बायबलात असलेली पत्रं इ.स. ५० ते ६५ च्या दरम्यानची. फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढला आणि तिनंच वाचला: देवाच्या स्वरूपाचा असूनही दासाचं रूप घेतलं. शिवाय एक बाहेरचा साक्षीदार आहे. रोमन अधिकारी प्लिनी, ख्रिस्ती लोकांना शिक्षा करणारा माणूस, इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट त्रायानला लिहितो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. नायसियाच्या दोनशे वर्षं आधी. हा प्लिनी थोरलीला फार आवडला. "म्हणजे तो आपल्या बाजूचा नाही, तरी आपलंच सांगतोय," असं म्हणाली.

पुस्तकांची निवड नायसियाच्या निर्णयांत नाही. नव्या कराराची आजची सत्तावीस पुस्तकं जशीच्या तशी मोजलेली यादी अथानेशियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते, आणि त्यातली बहुतेक पुस्तकं मंडळ्यांमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून वाचली जात होती.

आता ते 'दडवलेलं' शुभवर्तमान. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला जुन्या हस्तलिखितांचा एक साठा सापडला. त्यात फिलिपच्या नावावरचं एक लिखाण आहे, येशूनंतर दीड-दोनशे वर्षांनी लिहिलं गेलं असं मानतात. त्यात येशूनं मरीयेचं चुंबन घेतल्याचं वाक्य आहे आणि नेमका पुढचा शब्द असायला हवा तिथं पानाला भोक आहे. कुठं चुंबन घेतलं ते भोकानं खाल्लंय. लग्नाचा तर तिथं उल्लेखही नाही. एवढ्याशा भोकातून अख्खी कादंबरी बाहेर आली, यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या दुपारी दोन तास गेले. तेवढा वेळ काढता येत नसेल तर उत्तर देऊच नका, तारीख द्या: "शनिवारी बसू." आणि शनिवारी खरोखर बसा.

एक सावधगिरी. प्रत्येक शंका अशी पुराव्यानं मिटत नाही, आणि मिटते असं मुलांना भासवूही नका. पुनरुत्थानाला प्लिनी पुरत नाही. तिथं 'माझा विश्वास आहे, आणि का आहे ते सांगते' एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

भीती आली तर

धाकटा शाळेत सिस्टर समोर दिसली की रस्ता बदलू लागला. शाळेतनं निरोप आला, मुलगा असं का करतो? विचारलं तर आधी काही बोलेना. रात्री अंधारात म्हणाला, "आई, सिस्टरच्या आत ती असते." २०१८ च्या 'द नन' या सिनेमात सैतान जोगिणीच्या वेशात येतो. यानं तो सिनेमा बघितला नव्हता, फक्त दहा मिनिटांची हिंदी गोष्ट आणि पांढऱ्या चेहऱ्याचं चित्र. तेवढं पुरलं. ज्या सिस्टरनं पहिलीत त्याच्या नाकातलं रक्त आपल्या रुमालानं पुसलं होतं, तिच्यापासून तो पळत होता.

अशा वेळी शिकवणी देऊ नका. आधी दिवा लावा, पाणी द्या, भीती खरी आहे हे मान्य करा. एकत्र प्रार्थना करा, पण छोटी. सैतानाला आज्ञा देणारी आरडाओरड्याची प्रार्थना नऊ वर्षांच्या मुलाला आणखी घाबरवते. ते चित्र पुन्हा बघायचं नाही, 'बघ, नकली आहे' म्हणूनसुद्धा नाही. दोन दिवसांनी उजेडात बोला. मी त्याला शाळा सुटल्यावर सिस्टरकडे घेऊन गेले. त्यांना आधी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी त्याला आपला चष्मा घालायला दिला. भीतीपैकी निम्मी तिथंच गेली.

मूल दहा-अकराचं झालं की मग मूळ गोष्ट काढता येते. भुताच्या सिनेमांत देव आणि सैतान ही कुस्तीतली दोन तुल्यबळ पैलवानांची जोडी असते, आणि क्रूस म्हणजे बटण दाबलं की चालणारं यंत्र. बायबलात प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये स्किवाचे सात मुलगे नेमकं हेच करायला जातात. येशूचं नाव मंत्रासारखं वापरतात, आणि भुतानं पछाडलेल्या माणसाचा मार खाऊन उघडेनागडे पळतात. मुलांना ही गोष्ट भयंकर आवडते. सांगताना हातचं राखू नका.

टिंगल आली तर

आमच्या पिढीनं हिंदी सिनेमात ख्रिस्ती माणूस पाहिला तो दारू पिऊन झोकांड्या देणारा, नाहीतर खलनायकाच्या शेजारी बसलेली मोना किंवा रोझी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी तरी दिलदार आहे, पण गुत्ता त्याचाच. आणि मराठी ख्रिस्ती तर कुठंच नसतो. आमच्यात गायकवाड आडनावाची कितीतरी कुटुंबं आहेत. वडोदऱ्यात हे आडनाव सांगितलं की समोरचा आधी राजवाड्याकडे बघतो, मग गळ्यातल्या क्रूसाकडे, आणि गोंधळतो. पडद्यावर हा गोंधळसुद्धा येत नाही.

अशा दृश्यानंतर वर्गात कुणी मुलाला 'ए, तुझे बाबा पण पितात का?' विचारलं तर 'दुर्लक्ष कर' म्हणू नका. त्याचा राग आधी ऐका. मग त्याला आपल्या माणसांच्या गोष्टी द्या, भरपूर. नारायण वामन टिळकांची भजनं आजीकडून ऐकवा आणि त्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेही सांगा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते सांगा. मला स्वतःला सगळ्यांत कामाची वाटते ती फादर स्टीफन्सची गोष्ट. इंग्लंडातून आलेला हा जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) धर्मगुरू गोव्यात मराठी शिकला आणि १६१६ मध्ये जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण छापलं. त्या काळी लोकांचं मन रमत होतं पुराणांत, म्हणून त्यानं पुराणच लिहिलं. मनोरंजनाला शत्रू न मानता त्याचा साचा उचलणारी माणसं आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी होती, हे थोरलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आज त्यानं रील्स केल्या असत्या." केल्या असत्या बहुतेक.

नवरात्र, आणि शेजारच्यांचे देव

वडोदऱ्यात राहून गरब्याबद्दल न बोलता हा विषय पुरा होत नाही. नऊ रात्री सगळं शहर रस्त्यावर. वर्गातली प्रत्येक मुलगी चणिया-चोळीत. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोनं गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा शाळेत पेढे वाटले. आणि आपली मुलगी विचारते, "मी जाऊ?"

आमच्याच मंडळीत यावर तीन मतं आहेत आणि तिन्ही मतांची माणसं प्रभूवर प्रेम करणारी आहेत. गरबा मुळात अंबामातेची आराधना आहे, गरबो, म्हणजे आत दिवा असलेला मातीचा घट, मध्ये ठेवून त्याभोवती फिरतात. हे खरं आहे, आणि 'नुसता नाच आहे' म्हणणं शेजाऱ्यांच्या श्रद्धेचाही अपमान आहे. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ ते १० हे अध्याय मी या एका कामासाठी किती वेळा वाचलेत! पौल म्हणतो, बाजारात मिळतं ते विवेकाची चौकशी न करता खा. पण कुणी 'हा नैवेद्य आहे' असं सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणजे कृती तीच, संदर्भ बदलला की उत्तर बदलतं.

आमच्या घरात ठरलं ते असं. शाळेच्या मैदानातला गरबा चालेल. सोसायटीत शेरी गरब्याला, म्हणजे गल्लीतल्या गरब्याला, आरती झाल्यावर जायचं. आरतीच्या वेळी तिथं असलोच तर बाजूला आदरानं उभं राहायचं, मोबाईल बघत नाही, नाक मुरडत नाही. प्रसाद देणाऱ्या काकूंना हसून 'काकी, आज नको' म्हणायचं. त्या काकींना कारण माहीत आहे, त्या मग वेगळी वाटी भरून सेवउसळ देतात. आजी या ठरावावर अजून नाराज आहेत आणि त्या तसं बोलून दाखवतात. मुलांना हेही दिसू द्या, की मोठी माणसं विश्वास एक ठेवून मत वेगळं ठेवू शकतात. तुमच्या घरात रेघ वेगळी पडेल. रेघ कुठं आणि का, एवढं मुलाला आपल्या तोंडानं सांगता आलं पाहिजे.

कार्टूनमधल्या बाळ गणपती, बाळ कृष्णाचंही तेच. धाकट्याला हनुमान आवडतो. मी त्याला कधी 'ते खोटं' म्हटलं नाही. 'हे आपल्या शेजाऱ्यांच्या देवाची गोष्ट आहे, ते त्यांची पूजा करतात, आपण येशूची करतो' एवढं नऊ वर्षांच्या मुलाला पुरतं. पौलानं अथेनैत (अथेन्समध्ये) भाषण करताना ग्रीकांच्या कवींच्या ओळी म्हटल्या. त्या त्याला पाठ होत्या, म्हणजे त्यानं त्या कधीतरी ऐकल्या होत्या.

बोलायचं कधी आणि कसं

सिनेमा संपल्या संपल्या नाही. श्रेयनामावली चालू असताना आईनं तोंड उघडलं की मुलाच्या कपाळावर आठी येते. आमच्याकडे सगळ्यांत चांगली जागा ॲक्टिव्हा. मूल मागे बसलेलं, चेहरे समोरासमोर नाहीत, दहा मिनिटांत घर येणार हे दोघांनाही माहीत. बायबलातल्या अनुवाद ६ मध्ये घरात बसताना आणि वाटेनं चालताना मुलांशी बोला असं आहे. मोशेला ट्रॅफिकची कल्पना नसणार, पण सिग्नलला थांबल्यावर फार चांगलं बोलणं होतं.

विचारायचं काय? 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न बाद. मी हे विचारते: या गोष्टीत सगळ्यांत जास्त कुणाला काय हवं होतं, आणि ते मिळाल्यावर तो सुखी झाला का? चांगलं-वाईट कोण ठरवत होतं? तुला कोण व्हावंसं वाटलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी खलनायक असतं. दचकू नका. धाकटा एकदा म्हणाला की त्याला खलनायक व्हायचंय, 'कारण त्याचं सगळे ऐकतात'. त्यातनं मला सिनेमाबद्दल काही कळलं नाही, पण घरात त्याचं कोण ऐकतं ते कळलं.

गुपचूप मुरणाऱ्या गोष्टींसाठी हेच प्रश्न लागतात, कारण तिथं नाकारायला दावाच नसतो. फोन, गाडी, फॉलोअर दाखवणाऱ्या माणसाला खोटं कसं ठरवणार? पण 'हे सगळं मिळाल्यावर त्याला रात्री झोप लागत असेल का?' हे विचारलं की चौदा-पंधरा वर्षांची मुलं थबकतात.

नाही म्हणायचं तेव्हा

काही गोष्टींना नाहीच म्हणायचं. अश्लील, क्रौर्याची चव घेणारं, आत्महत्येला सुंदर करून दाखवणारं. तिथं चर्चा नाही. बाकी ठिकाणी दानीएलचा पहिला अध्याय बघा. कैद करून बाबेलच्या दरबारात नेलेला हा यहुदी तरुण. बाबेलची भाषा आणि विद्या तो शिकला. त्याला दिलेलं नाव तिथल्या देवावरून होतं, तेही चालवून घेतलं. पण राजाच्या ताटातलं अन्न नाकारलं. तेही अधिकाऱ्याशी सभ्यपणे बोलून, दहा दिवसांची मुदत मागून. नकार कमी असले की ते टिकतात.

माझी पद्धत: कारण एका वाक्यात, मुदत ठरवून ('तेरा पूर्ण झाल्यावर आपण दोघं मिळून बघू'), आणि आई-बाबांचं उत्तर एकच. आमच्याकडे हे तिसरं फार दिवस जमत नव्हतं. मी नाही म्हणायची आणि नवरा रात्री लॅपटॉपवर लावून द्यायचा. आता आम्ही आधी आपसात भांडून घेतो, दार लावून.

मोबाईलची कुलपं थोडक्यात. ओटीटीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला. पिन वाढदिवसाचा नको, मुलं पहिल्या प्रयत्नात उघडतात. यूट्यूबवर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याचं बटण बंद करा. नको ते आलं की 'हा चॅनल सुचवू नका' दाबायला मुलालाच शिकवा. लहान मुलांच्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक बसवलं की नवं ॲप घ्यायला तुमची परवानगी लागते. आणि रात्री फोन सगळ्यांचे, तुमचेही, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला. ही सगळी कुलपं पंधराव्या वर्षापर्यंत धकतात. नंतर मित्राचा फोन असतो.

'आपलं' म्हणून येतं तेही चाळा

हे लिहिताना थोडं अवघड वाटतं, पण लिहिते. माझ्या मुलांच्या विश्वासाला सगळ्यांत जास्त धक्का बाहेरच्या सिनेमानं दिला नाही. आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. व्यासपीठावर चमत्कार, आंधळा बघू लागला, खाली दानासाठी क्यूआर कोड. थोरलीनं दोन मिनिटांत दाखवून दिलं की तोच माणूस दुसऱ्या व्हिडिओत लंगडा होता. 'हा संदेश दहा जणांना पाठवा नाहीतर' असं येशूच्या चित्राखाली लिहिलेले संदेश तर रोजचे. १ थेस्सलनीकाकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सगळ्या गोष्टींची पारख करायला सांगितलंय, 'इतरांच्या' असं तिथं लिहिलेलं नाही. त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की हे खोटं आहे, कृपया काढावं. दोन वडीलधारे माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. थोरली मात्र बोलू लागली.

"मला नाही वाटत देव आहे"

हे वाक्य एक ना एक दिवस येतं. पंधराव्या वर्षी आमच्याकडे आलं, बुधवारी रात्री, कुटुंब प्रार्थनेच्या आधी. आतून जे काही कोसळतं ते चेहऱ्यावर येऊ देऊ नका. रडू नका, आजीला बोलावू नका, पाळकांना त्याच रात्री फोन करू नका. मी फक्त विचारलं, "कधीपासून वाटतंय?" आणि मग ऐकलं. सिनेमा, रील वगैरे काही नव्हतं. तिच्या मैत्रिणीची आई कॅन्सरनं गेली होती आणि त्या मुलीनं खूप प्रार्थना केली होती. पडदा कारण म्हणून सांगायला सोपा असतो. खाली बघितलं तर बरेचदा असं काहीतरी निघतं.

प्रार्थनेला बसायची जबरदस्ती केली नाही. ती बसली, डोळे उघडे ठेवून. येशू पुन्हा उठला यावर विश्वास न ठेवणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट आपण 'संशयी' म्हणून सांगतो, पण योहान २० नीट वाचा: शंका बोलून दाखवल्यानंतर आठ दिवसांनीही तो त्याच खोलीत, त्याच शिष्यांबरोबर आहे. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. आमचे ते आठ दिवस अजून चालू आहेत. मध्ये तिनं पाळकांना स्वतःहून प्रश्न पाठवले, त्यातल्या दोनांना त्यांनी 'मला माहीत नाही' असं उत्तर लिहिलं. तो संदेश तिनं जपून ठेवलाय.

गेल्या शनिवारी पाळी धाकट्याची होती. दानीएल वाचत होतो. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पण त्याला बाबेलच्या शाळेत जादूटोण्याचा पेपर आला असता तर?" थोरली म्हणाली, "आलाच असणार. दहापट मार्क मिळालेत त्याला, वाच पुढं." आणि दोघं पुस्तकावर ओणवी झाली.